ब्राऊनी व्याली, आता काय?

पत्र म्हार्दोळहून आलंय. बरंच मोठं आहे म्हणून थोडं कापून देते:

"ताई, आमची ब्राऊनी मूळची रस्त्यावरची, दोन वर्षांमागे अशाच पावसात दारात येऊन बसली ती बसलीच. गेल्या गुरुवारी रात्री पडवीत जळणाच्या लाकडांमागे सहा पिल्लं घातली तिने, आम्हाला सकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू गेलं. ती त्याला सारखी बाजूला सारत होती आणि मी परत परत तिच्यापाशी ठेवत होते. आता पाच आहेत, त्यातलं एक अगदी बारीक, बाकीची त्याला लोटून देतात. त्याला मी ड्रॉपरने गाईचं दूध पाजतेय पण त्याला पातळ होतंय. ब्राऊनी पहिला दिवस काही खात नव्हती, आता खाते पण धापा टाकते, आणि मागून काळपट हिरवं जातंय ते बघून भीती वाटते. सासूबाई तिला बाळंतिणीचे डिंकाचे लाडू घालताहेत. त्यांचं म्हणणं पिल्लांना हात लावला तर कुत्री त्यांना टाकते, आणि गणपतीच्या चवथीपूर्वी घराला रंग काढायचाय तेव्हा तोवर पिल्लं बाजारात सोडून या. मिस्टर गप्प आहेत. मी हे सगळं पहिल्यांदाच बघतेय, रात्री झोप येत नाही. काय करू?"

बाय, आधी ते गेलेलं पिल्लू. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय पण ती ओळ तुम्हाला किती जड गेली असेल ते मला दिसतंय. ब्राऊनी वाईट आई नाही आणि तुम्हीही काही चुकीचं केलं नाही. पिल्लं जातात ती जास्त करून पहिल्या आठवड्यातच जातात, चांगल्या घरात चांगल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली पण जातात. आणि ती बाजूला का सारत होती, तर नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही, पहिले दोन-तीन आठवडे ते आईच्या आणि भावंडांच्या उबेवर जगतं. एकदा का ते गार पडलं की चोखायचं थांबतं, हलायचं थांबतं, आणि आई त्या गार अंगाला आपलं जिवंत पिल्लू म्हणून धरत नाही. तिला वाटतं हे गेलं. आपण परत परत नेऊन ठेवतो तेव्हा ते गारच असतं म्हणून ती परत परत सारते. आधी ते गरम करावं लागतं, मग आईकडे द्यायचं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, आमच्या माशेलच्या घरी आमची कुत्री काळी व्याली तेव्हा एक पिल्लू असंच गार पडलं आणि मी घाबरून त्याला लगेच कोमट दूध पाजलं, भूक लागली असेल म्हणून. तासाभरात गेलं ते. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की अंग गार असलं की पिल्लाचं पोट आतडी कामच करत नाहीत, दूध तसंच पडून राहतं, नाहीतर उलटून फुफ्फुसात जातं. आज इतक्या वर्षांनी पण मला त्या पिल्लाचं ओलं नाक आठवतं. म्हणून तुम्हाला आधी हेच सांगते, गार पिल्लाला दूध नाही. आधी ऊब.

पहिल्या आठवड्यात पिल्लाचं अंग 95 ते 98 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं कमीच, आणि 94 च्या खाली गेलं की पाजायचं नाही. थर्मामीटर घालायला जमत नसेल तर त्याच्या तोंडात करंगळीचं टोक घालून बघा, आत गार लागलं आणि बोट चोखत नसेल तर ते गार पडलंय. तेव्हा त्याला आपल्या ब्लाऊजच्या आत किंवा मिस्टरांच्या बनियनच्या आत अंगाला लावून धरा (गप्प बसून हे काम चांगलं होतं त्यांच्याकडून). हळूहळू गरम होऊ दे, अर्धा तास लागो की दोन तास लागोत. गरम पाण्यात बुडवायचं नाही, हेअर ड्रायर नाही, एकदम तापवलं तर त्यानेच जातं.

आता जागा. जुलैतली गोव्याची पडवी म्हणजे काय ते आपल्याला दोघींना माहीत आहे. वाऱ्याबरोबर पावसाची झड आत येते, फरशीला घाम सुटतो, लाकडांच्या मागे वाळवी, गोम, कधी घोणस. आणि मुंग्या. मुंग्यांना लोक हसण्यावारी नेतात पण मी आंधळ्या पिल्लांच्या डोळ्यांना आणि बेंबीला मुंग्या लागलेल्या बघितल्यात, ती आई तरी किती चाटून काढणार. ब्राऊनीने ती जागा निवडली कारण काळोखी होती, आडोसा होता, कुणाची ये-जा नव्हती, तिला तेच हवं असतं. तर तुम्ही तसाच काळोखा आडोसा घराच्या आत द्या. कोठीची खोली, जिन्याखालची जागा, न्हाणीच्या बाजूचा कोरडा कोपरा, काहीही चालेल, फक्त वाट नको आणि थेट पंखा नको.

फ्रिजचं मोठं खोकं मिळालं तर उत्तम, एक बाजू कापून उंबरठ्यासारखी वीतभर ठेवायची म्हणजे ती आतबाहेर करेल आणि पिल्लं बाहेर सरपटणार नाहीत. खाली एखादी फळी किंवा पाट, म्हणजे फरशीचा गारवा वर येत नाही, वर वर्तमानपत्रांचा थर, त्यावर जुनी चादर नीट ताणून खोचलेली. जुनी साडी सैल टाकू नका, पिल्लू घडीत गुंडाळून गुदमरतं आणि आईला न दिसल्यामुळे ती वर बसते. गोणपाट पण नको, एकदा ओलं झालं की या दिवसांत वाळत नाही. कागद आणि चादर रोज बदला. फिनेल, डांबराच्या गोळ्या, मुंग्यांचा खडू हे त्या खोलीत आणूच नका. मुंग्या येतच असतील तर खोकं एखाद्या बाकावर चढवू नका, ती उडी मारताना पिल्लू तोंडातून पडेल, त्यापेक्षा बुटक्या पाटाच्या पायांखाली पाण्याच्या बश्या ठेवा, आपण दुधाच्या भांड्याखाली ठेवतो तशा.

हलवताना ब्राऊनी बघत असताना हलवा. आधी दोन पिल्लं टोपलीत घेऊन तिच्या नाकासमोरून न्या, ती मागून येईल, मग बाकीची. ती परत उचलून लाकडांमागे न्यायला लागली तर रागावू नका, नवी जागा तिला पटली नाही, आणखी काळोख करा आणि तिच्या वासाचा जुना कपडा आत टाका.

ऊब किती हवी, तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी 29 ते 32 सेल्सिअस. आपल्याला वाटतं गोव्यात कसली थंडी, पण पावसाळ्या रात्री ओल्या फरशीवर तेवढं नसतं. खोक्याच्या एकाच बाजूला, हाताला चटका बसणार नाही इतक्या उंचीवर 40 किंवा 60 चा पिवळा बल्ब लावा, एलईडी नव्हे, त्याला ऊब नसते. दुसरी बाजू थंड राहू द्या म्हणजे ब्राऊनीला जास्त झालं तर सरकता येईल. लाईट गेली की (आणि जाणारच) प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी, बाहेरून जाड टॉवेल, बाटली पिल्लांच्या शेजारी. दर दोन तासांनी बाटली गार झाली का बघा, कारण गार बाटली उलट त्यांचीच ऊब खाते. थर्मामीटर लावून बसायची गरज नाही, पिल्लंच सांगतात. एकावर एक ढीग करून कुंईकुंई करत असतील तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून तोंड उघडी टाकून पडली असतील तर उकडतंय, आणि एकमेकांना टेकून ओळीत गप झोपली असतील तर सगळं बरोबर आहे. झोपेत आचके देतात, पाय झाडतात, त्याला बघून लोक फिट आली म्हणतात, ते नॉर्मल आहे, उलट ते चांगलं लक्षण आहे.

आता तो बारीक. आज संध्याकाळी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, वर एक वाटी ठेवून शून्य करा आणि पाचही पिल्लांचं वजन करून वहीत लिहा. नखाला वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश नको, आई चाटते, गळ्यात दोरा पण नको, अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखा. उद्या त्याच वेळेला परत. रोज साधारण 5 ते 10 टक्के वाढायला हवं, म्हणजे 300 ग्रॅमचं पिल्लू रोज 15 ते 30 ग्रॅम, आणि सात ते दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट. पहिल्या दिवशी किंचित घटलं तर चालतं. त्यानंतर एक दिवस वाढलं नाही तर लक्ष द्या, दोन दिवस वाढलं नाही किंवा घटलं तर डॉक्टर. डोळ्यांना फसवता येतं, सगळीच पिल्लं गुबगुबीत दिसतात, पोट हवेने पण फुगतं. काटा फसत नाही. मी सांगितलेल्यातलं बाकी काहीच जमलं नाही तरी हे एक करा.

बारीकला गाईचं दूध आजपासून बंद. कुत्रीच्या दुधात प्रोटीन आणि फॅट गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतं आणि दुधातली साखर कमी असते, म्हणून गाईच्या दुधावर पिल्लू एकीकडे उपाशी राहतं आणि दुसरीकडे त्याला पातळ होतं, तुमचं नेमकं तेच झालंय. पातळ झालं की पाणी जातं आणि एवढ्याशा जिवात पाणी असतं किती. औषधाच्या दुकानात, फोंड्यात जनावरांची औषधं मिळतात तिथे, पपी मिल्क रिप्लेसर म्हणून पावडर मिळते ती आणा. दुकान बंद, रात्रीची वेळ, तर त्या एका रात्रीपुरतं एक कप फुल फॅट दूध, तीन अंड्यांचा पिवळा बलक, एक चमचा तेल आणि चिमूटभर मीठ असं फेटून गाळून कोमट करून चालतं, पण रोजचं म्हणून नाही.

पण पावडरच्याही आधी ब्राऊनीचंच दूध त्याला कसं मिळेल ते बघा. चारही दांडगी पिल्लं टोपलीत घ्या, बाटली लावून ऊबेत ठेवा, आणि बारीकला एकट्याला पंधरा-वीस मिनिटं तिच्या मागच्या सडांना लावा, मागच्या सडांना दूध जास्त असतं. दिवसातून पाच-सहा वेळा. नीट चोखत असेल तर शेपटी सरळ, पुढचे पाय थानावर दाबतंय आणि जीभ सडाला गुंडाळलेली दिसते. पाच-सहा दिवसांत कितीतरी बारीक पिल्लं एवढ्यानेच बाकीच्यांना गाठतात.

पावडरचं दूध द्यावंच लागलं तर पिल्लू पोटावर, जसं आईजवळ पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून कधीच पाजू नका, दूध सरळ श्वासात जातं. सिरींजने एक-एक थेंब, त्याने गिळला की पुढचा, घाईने दाबायचं नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा आणि तोंड खाली करून पुसा. पूर्ण वरच्या दुधावर असलेल्या 300 ग्रॅमच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात एका वेळी 5 ते 8 मिलि पुरतं, दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. तुमचा बारीक आईचं पण पितोय तर त्याहून कमी. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, या वयात पिल्लाला आपलं आपण शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ब्राऊनी त्याला चाटत असेल तर काही करू नका, नाहीतर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने मागे हलक्या हाताने पुसत राहा, होईल. पातळ होणं दूध बदलल्यावर एका दिवसात थांबलं नाही तर वाट न बघता घेऊन जा.

हे सगळं झालं पिल्लांचं, पण मला तुमच्या पत्रात खरी काळजी ब्राऊनीची वाटली. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की लोक पिल्लांच्या मागे धावतात, फोटो काढतात, दूध पाजतात, आणि जिच्या जिवावर ती पाच तोंडं चाललीत ती कोपऱ्यात हाडं वर आलेली पडून असते. पिल्लांचं नव्वद टक्के काम तिला येतं आणि आपल्यापेक्षा चांगलं येतं. तुमचं काम तिला सांभाळणं आहे.

काळपट हिरवं जातंय त्याला घाबरू नका. तो वारेचा रंग असतो, पहिले काही दिवस असाच असतो, मग विटकरी लाल होतो, मग कमी कमी होत तीन-चार आठवड्यांत, कधी सहा आठवड्यांपर्यंत थांबतो. बघायचं ते रंगापेक्षा वास. घाण कुजका वास येत असेल, पू दिसत असेल, ताजं लाल रक्त धार लागल्यासारखं जात असेल, किंवा तिला 103 च्या वर ताप असेल आणि पिल्लांकडे लक्ष देत नसेल तर आत वार राहिलीय किंवा गर्भाशयाला इन्फेक्शन झालंय, त्याच दिवशी डॉक्टर. पहिला दिवस तिने खाल्लं नाही ते वार खाल्ल्यामुळे, त्या दिवशी शी पण काळी पातळ होते, ते ठीक.

धापा टाकते त्यात दोन गोष्टी आहेत. गर्भाशय आकसताना पोटात कळा येतात, त्यात हवा दमट, अंगाला पाच पिल्लं चिकटलेली, तेवढी धाप पहिला आठवडाभर असते. पण धापेबरोबर जर ती अस्वस्थ होऊन फेऱ्या मारायला लागली, पाय कडक टाकायला लागली, अंग थरथरतंय, लाळ गळतेय, पिल्लांजवळ बसत नाहीये, तर ते कॅल्शियम एकदम उतरल्याचं लक्षण आहे. दूध भरपूर येतं तेव्हा, म्हणजे व्यायल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी होतं हे, लहान चणीच्या आणि जास्त पिल्लांच्या कुत्रीला जास्त. थरथरीपासून फिट येऊन जीव जायला काही तासच लागतात. त्या वेळी कॅल्शियमची गोळी कुटून तोंडात कोंबू नका, हळदीचं दूध नको, पिल्लं बाजूला काढा आणि गाडी काढा, रात्रीचे दोन असले तरी. डॉक्टर शिरेतून हळूहळू कॅल्शियम देतात, छातीला स्टेथोस्कोप लावून, आणि तासाभरात तीच कुत्री उठून उभी राहते. म्हणून आजच दोन डॉक्टरांचे नंबर, एक सरकारी गुरांच्या दवाखान्यातला आणि एक रात्री फोन उचलणारा प्रायव्हेट, फ्रिजवर लिहून लावा. शेजारी कुणाची चारचाकी आहे ते पण आधी विचारून ठेवा. पावसात स्कूटरवर मांडीत झटके देणारी कुत्री घेऊन जाता येत नाही.

रोज एकदा तिला कुशीवर झोपवून थानं हाताने तपासा. सगळी मऊ आणि कोमट असायला हवीत. एखादं दगडासारखं, गरम, जांभळट, हात लावल्यावर ती गुरगुरते किंवा पिळल्यावर पिवळं-लाल येतं, तर ती थानाची सूज, गाईला होते तीच. अँटिबायोटिक लागतात. आणि दहा-बारा दिवसांनी पिल्लांची नखं वाढतात, ती चोखताना ओरखडतात आणि तिथूनच हे सुरू होतं, तेव्हा नेलकटरने फक्त पांढरं टोक कापत जा.

आता खाणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तिची भूक दुप्पट-तिप्पट होईल, आणि तेवढं द्यायला हवं, एका वेळी नव्हे तर चार-पाच वेळा. आपल्याकडे कुत्र्याला शीत आणि हुमणाचं (माशांच्या आमटीचं) पाणी घालतात, त्यात मीठ-तिखट जास्त आणि अंगाला लागणारं काही नाही. भातात उकडलेलं चिकन हाडं काढून, अंडं रोज एक-दोन, बांगडा किंवा तारली उकडून काटा काढून, थोडा लाल भोपळा. पेज हवी तर पेजेत हे सगळं कुस्करा. परवडत असेल तर पिल्लांसाठीचं स्टार्टर ड्राय फूड तिलाच भिजवून द्या, दूध देणाऱ्या कुत्रीला ते चांगलं. नाचणीची तिजण (पातळ खीर) मिठाशिवाय वाटीभर चालेल. पाण्याचं भांडं खोक्याच्या अगदी जवळ पण बाहेर, आत ठेवलं तर पिल्लू बुडतं, आणि लांब ठेवलं तर ती पिल्लांना सोडून जात नाही, तहानलेली राहते आणि दूध आटतं.

डिंकाचे लाडू आजच थांबवा. सासूबाईंची माया मला कळते, त्यांनी तिला बाळंतीण मानलं हेच किती मोठं आहे, आणि हे त्यांना तसंच सांगा. पण लाडवात बेदाणे-मनुका असतात आणि द्राक्षाच्या जातीतलं काहीही कुत्र्याची किडनी बसवू शकतं, किती खाल्ल्यावर ते पण सांगता येत नाही, एखाद्याला चार-सहा बेदाण्यांनी होतं. जायफळ नको, कांदा-लसूण नको, चॉकलेट नको. आतापर्यंत खाल्लेल्या लाडवांत बेदाणे होते का ते विचारा, असतील आणि तिला उलट्या होताहेत, शू कमी झालीय असं वाटलं तर डॉक्टरला हे नक्की सांगा. सासूबाईंना रोजचं अंडं उकडून भरवायचं काम द्या. आणि ताप आला म्हणून घरातली माणसांची गोळी, पॅरासिटामॉल असो की कॉम्बिफ्लाम, तिला देऊ नका, तिच्या दुधातून पिल्लांना पण जाते.

हात लावला तर टाकते, हे कुत्रीच्या बाबतीत खरं नाही. ओळखीच्या माणसाचा हात तिला चालतो, उलट लवकर हाताळलेली पिल्लं पुढे माणसाळतात. हात साबणाने धुवून, कोरडे गरम करून, तिच्या डोळ्यांसमोर. पण शेजारपाजारची पोरं बघायला येतील, त्यांना पहिले तीन आठवडे दारातूनच परत पाठवा. कितीही गरीब कुत्री असू दे, या दिवसांत चावू शकते, आणि चावली तर चूक तिची नसते. कुणाला चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ हॉस्पिटल. गोव्यात मिशन रेबीज या कुत्र्यांना लस देणाऱ्या संस्थेचं इतकं काम झालंय आणि 2021 मध्ये सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं म्हणून काही जण इंजेक्शन टाळतात, टाळू नका. ब्राऊनीला रेबीजची लस दिली होती का ते पण बघा.

पुढचं थोडक्यात. बेंबीची नाळ दोन-पाच दिवसांत वाळून पडते, ओली किंवा सुजलेली दिसली तर बेटाडीन लावा. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, ओढून उघडू नका, पापणी बंद असताना मागे फुगवटा आला तर मात्र दाखवा. आंघोळ कुणालाच नाही, ब्राऊनीला फक्त मागचा भाग कोमट पाण्याने पुसा. गोचड्या हाताने आणि फणीने काढा, पिल्लांवर पावडर-स्प्रे काही मारू नका, गोचडीचा ताप तिला आहे का ते डॉक्टर रक्त बघून सांगतील. जंताचं औषध पिल्लांना दोन आठवड्यांचं झाल्यावर, मग चार, सहा आणि आठ, आणि त्याच दिवशी ब्राऊनीला पण, कारण जंत पोटातूनच आणि दुधातून येतात. पोट नगाऱ्यासारखं आणि हिरड्या पांढऱ्या फटक दिसल्या तर जंतांनी रक्त प्यायलंय, थांबू नका. डोस वजनावर असतो, वहीतलं वजन तिथे कामाला येईल. तीन-साडेतीन आठवड्यांनी मऊ कुस्करलेलं चाटायला द्यायला लागा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. तोवर रस्त्यावर, समुद्रावर, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी नेऊ नका, पार्वो (उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार) एकाला झाला की पाचही जातात.

राहिली चवथ. मी कॅलेंडर घेऊन बसले तर चवथीला पिल्लं सात आठवड्यांची होतील. त्यांना आईपासून तोडायचं ते आठ आठवड्यांनंतर, त्याआधी तोडली तर चावण्याची मर्यादा, दुसऱ्या कुत्र्याशी वागणं, हे जे आई आणि भावंडं शिकवतात ते राहून जातं आणि लस पण अपुरी. तुमचा गणपती दीड दिवसांचा की पाच की सात ते तुम्ही लिहिलं नाही, पण सात दिवसांचा असेल तर तो पोचवून आलात की पिल्लं आठ आठवड्यांना टेकतात, दीड किंवा पाच दिवसांचा असेल तर त्यानंतर आणखी काही दिवस. म्हणजे सासूबाईंकडून मागायचे ते फक्त थोडे दिवस. रंग आधी पुढच्या खोल्यांना आणि देवाच्या खोलीला काढा, पिल्लांची खोली यंदा राहू दे, ओल्या रंगाच्या वासात ती ठेवता येणार नाहीत. सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न असेल तर माटोळीच्या (गणपतीवर फळंफुलं बांधतो त्या) खोलीपासून ती लांबची खोली निवडा आणि मधलं दार बंद. फटाके वाजतील त्या रात्री दार-खिडक्या लावून, बाजूला पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून तुम्ही स्वतः तिच्याजवळ अर्धा तास बसा, घाबरलेली आई पिल्लं तोंडात धरून पावसात बाहेर पडते.

बाजारात सोडणं मात्र नाही. मी म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी मासळीवाल्यांच्या मागच्या बाजूला बघितलंय, खोक्यात चार पिल्लं, वरून पाऊस, संध्याकाळपर्यंत दोनच. नंतरच्या शुक्रवारी एकही नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडणं हा गुन्हा आहे, पण मिस्टरांना कायदा सांगण्यापेक्षा ते खोकं सांगा. आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू आहे, कुडचड्याला गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट आहे, त्यांना फोन करून दत्तक देण्याबाबत आणि नसबंदीच्या ऑपरेशनबाबत विचारा, पण पिल्लं नेऊन टाकायची जागा म्हणून नव्हे, लस न झालेलं पिल्लू जिथे आजारी कुत्री येतात तिथे ठेवणं त्याच्याच जिवावर येतं. पाचव्या आठवड्यापासून चांगले फोटो काढून ओळखीत पाठवायला लागा, देवळाच्या, बँकेच्या, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर. घेणाऱ्याचं घर बघून द्या, बांधून ठेवणार का, पावसात कुठे झोपवणार, मादी घेताय तर ऑपरेशन करणार का, हे तोंडावर विचारा. लोकांना राग आला तर येऊ दे. मादी पिल्लं कुणी पटकन घेत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आधी घर शोधा.

आणि ब्राऊनीचं ऑपरेशन. पिल्लं सुटली, दूध आटलं की साधारण दोन आठवड्यांनी करता येतं, म्हणजे दसऱ्याच्या आसपास. ती चार-पाच महिन्यांत परत माजावर येऊ शकते, आणि तेव्हा दारात किती कुत्रे येऊन भांडतात ते तुम्ही या वेळी बघितलंच असेल. एकदा तरी व्यायला हवी असं म्हणतात त्याला काही आधार नाही, आणि तिची तर एकदा झाली.

आज एवढंच करा: जागा हलवा, बल्ब लावा, वजनं लिहा, पावडर आणा. परवा बारीकची तीन दिवसांची वजनं मला कळवा, ती 10 ग्रॅमनेसुद्धा वर सरकली नसतील तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याला आणि ब्राऊनीला दोघांना एकत्र घेऊन दवाखान्यात जा, टोपलीत गरम बाटली ठेवून.